बुक्क्याचा मोथा

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी लांब आहे, पण माझा आवाज तेवढा लांब जात नाही. आजवर मी बुवा म्हणतील त्याच्यामागे म्हणत आले; एकटीनं सांगायची सवय नाही. तरी आज एक गोष्ट सांगणार आहे. गवताची गोष्ट आहे. गवत म्हटलं म्हणून उठू नका. हिच्यात देव आहे, चिखल आहे, सासू-सून आहेत आणि एक गोटासुद्धा आहे. ऐकून झाल्यावर कंटाळा आला असं वाटलं, तर उद्याच्या पंगतीत माझ्या वाट्याचा लाडू तुमचा.

आमचं गाव वडनेर भोलजीहून आत गेलं की लागतं. गावाच्या वर पाझर तलाव, तलावाच्या पाळीखाली विठोबाचं देऊळ. मार्गशीर्षात दत्तजयंतीला संपणारा सप्ताह असतो. सप्ताह म्हटला की मला घरात करमत नाही. भाजी चुलीवर असली तर ती सून बघते, आणि सून मंडपात आली असली तर भाजी जळते. काय करता! मृदंगावर थाप पडली की पाय आपोआप निघतात.

कीर्तनाला बसायच्या आधी कपाळाला बुक्का लागतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण आमच्याकडे तो बुक्का पुड्यातून येत नाही. तो आमच्या गल्लीतल्या रुखमाबाईच्या उखळातून येतो. वाळा, कापूरकाचरी, देवदार, चंदनाचा भुगा, तुळशीच्या वाळल्या काड्यांचा कोळसा, आणि नागरमोथा. बाकीचं सामान खामगावच्या दुकानातून आणायचं, मोथा मात्र आपल्या तलावाच्या काठचा. सगळं कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, आणि पितळी डब्यात भरून देवापुढे ठेवायचं. किसनराव म्हणायचे, "बाकीचं समदं वास देते. मोथा वासाले धरून ठेवते."

किसनराव म्हणजे रुखमाबाईचे मालक. होळी झाली आणि ते गेले. आजारी-बिजारी काही नव्हते. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. त्या दोघांत काम असं वाटलेलं होतं की खणणं त्यांचं, कांडणं हिचं. दिवाळी झाली की ते आंघोळ करून, सब्बल, म्हणजे पहार, खांद्यावर टाकून तलावावर जायचे, आणि ही इकडे उखळ धुऊन ठेवायची. त्यांनी कधी तिला खणायला नेलं नाही, आणि तिनं कधी त्यांना मुसळाला हात लावू दिला नाही. "तुमच्या हाताले माप नाई," म्हणायची. असा संसार.

आता मोथा काय असतो ते शेतकऱ्याला विचारा. नाव काढलं तरी तो थुंकेल. खुरपा, उपटा, जाळा; मातीत एक गाठ राहिली की वावर पुन्हा हिरवं. त्यामुळे वावरात जो मोथा असतो त्यावर औषधाचा फवारा बसलेला असतो. देवाच्या बुक्क्यात फवारा कसा घालायचा? म्हणून तलावाचाच मोथा. तलावावर उंबराचं झाड आहे, त्याच्या खालचा काठ ही किसनरावांची जागा. एवढंच रुखमाबाईला ठाऊक होतं, कारण ते घरी येऊन सांगायचे, "उंबराखाली यंदा मोथा लय दाट झाला."

दसरा झाला तसा शालिग्राम तिच्या ओट्यावर येऊन बसला. शालिग्राम म्हणजे सप्ताह कमिटीचा अध्यक्ष. किसनरावांचा चुलत भाऊ, म्हणजे हिचा दीर. माणूस वाईट नाही. घाई फार आहे त्याला, एवढंच. मी तिथंच वाती वळत बसले होते.

"वहिनी," तो म्हणाला, "यंदा तुमी दगदग नोका करू. बजारात तयार पुडे भेटतेत बुक्क्याचे. मंडपवाल्यासंगंच आणून टाकतो."

"पुड्यातला बुक्का लावशीन, अन् घाम आला की नाकावर वघळ येईन," रुखमाबाई म्हणाली. "काळ्या बोक्यावानी दिसशीन कीर्तनात. आदीच काय कमी दिसत?"

मी हसले. शालिग्रामही हसला, पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "हसण्यावारी नोका नेऊ. भाऊ खणून आणत होते. आता कोण खणीन?"

"खणणारा गेला. कांडणारी हाये ना?"

तो निघून गेल्यावर ती उखळापाशी जाऊन बसली. मग मला म्हणाली, "आशाबाई, एकदा पुडा गावात आला की उखळ परत येत नाई. देवळातल्या समयीचं तेच झालं. विजेची माळ आली अन् समई माळ्यावर गेली. हे काम गेलं तं मी सकाळी उठून करू काय? सांग."

खरंच, घरात ती एकटी. मुलगा आणि सून खामगावला, तिथं दोघांच्या नोकऱ्या. ये म्हणतात, ही जात नाही. त्या घरात मुसळाचा आवाज हाच काय तो आवाज उरला होता.

दिवाळी सरली आणि ती खुरपं घेऊन तलावावर गेली. उंबर होता, उंबराखाली मोथा होता. तसाच बारीक पानांचा, तसाच वर तुरा, खाली तशाच काळपट गाठी. एकेक गाठ उपटून ती नाकाशी धरायची. वास बरोबर. पदरात टाकायची. पोतडीभर गाठी घरी आणल्या, धुतल्या, चिरल्या, वाळवल्या, कांडल्या. मी मधून मधून चाळायला बसायचे. बुक्का झाला तेव्हा डोळे पाणावले तिचे.

कार्तिक वद्य एकादशीला देवळात भजन होतं. तिथं तिनं नव्या बुक्क्याची पहिली डबी नेली. सगळ्यांनी लावला. मी लावला. लावताना वास छान होता. पहिला अभंग झाला, दुसऱ्याची चाल धरली, आणि मी सहज कपाळाला बोट लावून नाकाशी नेलं. काही नाही! कोळसा आणि भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा करपट वास. मी इकडेतिकडे पाहिलं. शालिग्रामही बोट नाकाशी धरून बसला होता. त्याची-माझी नजर मिळाली आणि दोघांनीही खाली पाहिलं.

रुखमाबाईला मात्र काही कळलं नव्हतं. ती टाळ्या वाजवत होती.

भजन सुटल्यावर त्यानं तिला बाजूला घेतलं. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं.

"वहिनी, राग नोका मानू. वास टिकत नाई. भाऊचा बुक्का लावला तं घरी जाऊन झोपेपर्यंत दरवळे. हा एका अभंगात गेला."

"खोटं."

"आशावहिनीले विचारा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कीर्तनात बसणारी बाई मी, देवळाच्या पायरीवर खोटं कसं बोलू? "हाव वं," मी म्हटलं. "टिकला नाई."

"चंपाषष्ठीपर्यंत पाहातो," शालिग्राम म्हणाला. "तोपर्यंत जमलं तं ठीक. नाई तं पुडे आणतो. अष्टमीले बुवा येतेत, त्यायच्यासमोर फजिती नाई पाह्यजे."

ती घरच्या दारात आल्यावर म्हणाली, "माझ्या हाताले देवच पावला नाई, आशाबाई. त्यायच्या हातात होतं ते, माझ्यात नाई." मी तिला खूप समजावलं, पण रिकाम्या शब्दांना काय वजन असणार? रात्री मीच प्रतीक्षाला फोन केला.

प्रतीक्षा म्हणजे तिची सून. चिखलीकडची मुलगी. खामगावच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. सासू-सुनेचं भांडण नाही, पण फार गूळपीठही नव्हतं. रुखमाबाई म्हणायची, "तिले साऱ्या झाडायची नावं येतात, अन् वांग्याच्या भाजीले फोडणी देता येत नाई." प्रतीक्षा हे ऐकून हसायची. शनिवारी दुपारी ती आली. मुलाला कामातून सुट्टी मिळाली नव्हती, एकटीच आली. आल्या आल्या बुक्क्याची डबी मागितली, बोट बुडवलं, आणि म्हणाली, "आई, चला तलावावर. मला जागा दाखवा."

"मले काय शिकवतं आता?"

"शिकवत नाही हो. बघू तर द्या."

आम्ही तिघी निघालो. उंबराखाली पाणी ओसरून चिखल उरला होता आणि त्यावर हिरवं दाट. प्रतीक्षानं एक दांडा मोडला आणि बोटांत फिरवला. "तिधारी आहे. गवताचा दांडा गोल असतो, हा तिधारी. म्हणजे मोथाच आहे, आई. तुमचं बरोबर आहे."

रुखमाबाईचा चेहरा जरा उजळला. तिनं वाकून एक गाठ उपटली, धुतली, सुनेच्या नाकाशी धरली. "घे. हाये का नाई वास?"

"आहे की! चांगला आहे."

"मंग?"

मग काय! मोथा बरोबर, गाठ बरोबर, वास बरोबर. मग बुक्का कसा बिघडला? मला वाटलं, आता हिच्या मनात पक्कं बसणार की देवच रुसला.

प्रतीक्षानं साडीचा काचा मारला आणि स्वतः चिखलात हात घातला. तिनं एक गाठ काढली, नखानं सोलली, हुंगली. पुन्हा हुंगली. दुसरी काढली. "आई, हिला वास नाही."

"नाक चोंदलं अशीन तुझं. आण इकडं." रुखमाबाईनं ती गाठ घेतली, चोळली, परत दिली. "आता पाय."

प्रतीक्षानं हुंगली. "आता आहे."

"आता हाये म्हणजे? गाठ तेच ना? माझ्या हातात आली अन् सुगंध फुटला काय तिले?" रुखमाबाई आता चिडली होती. तिनं पायाजवळचा एक गोटा उचलला, दोन्ही तळहातांत गरगर फिरवला आणि सुनेच्या हातावर आपटला. "मंग याले बी वास येईन तुझ्या हिशोबानं! घे, हुंग!"

प्रतीक्षा खरंच हुंगायला गेली. आणि थांबली. तिनं तो गोटा माझ्यापुढे धरला. मी हुंगला. वाळा, चंदन, कापूरकाचरी, मोथा. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. तलावाकाठचा साधा, चिखलातला गोटा!

"काय झालं? बोला ना," रुखमाबाई म्हणाली.

"माय वं," मी म्हटलं, "दगडाले बी वास येऊन राह्यला."

तिनं आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. आयुष्यभर बुक्का कांडला, चाळला, भरला. हाताच्या रेषांत तो काळा रंग आणि तो वास कायमचा मुरलेला. तो हाताचा आहे हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं, कारण तो रोजचा. आणि तिनं उचललेली गाठ नाकाशी आली, की ती गाठीचा वास समजून तळहाताचाच वास घेत होती. मोथा असो नाहीतर बाभळीचं खोड, तिच्या हातात सगळं नागरमोथाच.

मला भीती वाटली, ही आता रडेल. पण तिच्या पोटातून हसू असं उसळून आलं की तिला उंबराच्या खोडाला टेकावं लागलं. "म्हणजे मी पोतडीभर काय कांडलं वं? आपलेच हात कांडले!" आम्ही तिघी हसत सुटलो. पाण्यातले बगळे उडाले.

हसू ओसरल्यावर प्रतीक्षा म्हणाली, "मीपण फसले. तिधारी दांडा बघितला आणि मोथा म्हणून मोकळी झाले. पण ह्या कुळात सगळ्यांचाच दांडा तिधारी असतो. हा दुसरा आहे. सख्खा भाऊ म्हणा. ह्याच्या गाठी खातात लोक, गोडसर लागतात, पण वास नाही."

"पण जागा तं तेच हाये! त्यायची जागा. उंबर कुठं हलला काय?"

उंबर हलला नव्हता. पण मला एकदम आठवलं. उन्हाळ्यात, किसनराव गेल्यावर, तलावातला गाळ काढायला जेसीबी लागला होता. हा सगळा काठ खरवडून काढला. ट्रॅक्टर भरभरून गाळ वावरांत गेला. जागा तीच राहिली, माती मात्र नवी वर आली. आणि नव्या मातीत हा दुसरा मोथा उगवला. ही तेव्हा दुःखात, घराबाहेरच पडली नव्हती. तिला काय कळणार?

"मग ती माती कुणाच्या वावरात गेली?" प्रतीक्षानं विचारलं.

हे मला नेमकं माहीत होतं, कारण ज्याच्या वावरात गेली तो पारावर रोज रडत होता. "शालिग्रामच्या! खालच्या वावरात. सोयाबीन निघाल्यापासून हरभरा पेरता येऊन नाई राह्यला त्याले, एवढा मोथा. उद्या सकाळी औषध मारणार म्हणत होता."

रुखमाबाई सरळ झाली. "उद्या?"

सकाळी उजाडता उजाडता आम्ही त्याच्या वावरात. प्रतीक्षानं तलावावरचं एक झाड मातीसकट ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. शालिग्राम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पंपात पाणी ओतत होता. औषधाची बाटली अजून बंद होती.

"थांब, भाऊजी!" रुखमाबाई लांबूनच ओरडली. "फवारू नको!"

"काऊन? काय झालं, वहिनी?"

"मले तुझा मोथा पाह्यजे."

तो उठून उभा राहिला. मग हात जोडले. "सारा घ्या. मुळासकट घ्या. वावर मोकळं करून द्या, तुमचे पाय धुऊन पाणी पेतो."

"पाय मागून धुजो. आदी पंप बाजूले ठेव."

प्रतीक्षानं दोन्ही झाडं शेजारी शेजारी धुऱ्यावर आडवी ठेवली. तलावावरचं एक, वावरातलं एक. मी वाकून पाहिलं. मला दोन्ही सारखीच दिसली. शालिग्रामलाही. "दोनी मोथाच तं हायेत," तो म्हणाला.

"काका, तुरा बघा नीट," प्रतीक्षा म्हणाली. "तलावावरचा तुरा गव्हाच्या काडासारखा पिवळट. हा तांबूस, भाजलेल्या गुळासारखा. आता पानाचं टोक. तलावावरचं हळूहळू निमुळतं होत सुईसारखं लांब जातं. ह्याचं पान रुंद येतं आणि टोकाशी एकदम संपतं."

रुखमाबाई दोन्ही पानं बोटांवर घेऊन कितीतरी वेळ बघत होती. नाक तिच्या कामाचं नव्हतं, आता डोळ्यांनीच शिकायचं. तिनं डोळे बारीक केले, पान उन्हाकडे धरलं. "हाव," ती हळू म्हणाली. "दिसते. आता दिसते. एका कुळातले हायेत म्हणतं ना तू? तेच म्हणलं. हे भाऊजी अन् आमचे हे. चेहरा एक, गुण येगळे."

"वहिनी, सकाळी सकाळी?" शालिग्राम म्हणाला.

"तुरा वाळून गेला, पान सुकलं, तर काय करशीन मंग?" तिनं सुनेला विचारलं. बघा, प्रश्न कसा नेमका! दिवाळीनंतर तुरे किती दिवस टिकतात?

"मग मूळ," प्रतीक्षा म्हणाली आणि तिनं वावरातलं झाड खेचलं. दोरीसारखं बारीक मूळ तटकन तुटलं आणि हातात एकच गाठ आली. तिनं दुसरं खेचलं. पुन्हा एकच. ती गोंधळली. "खरं तर ह्याच्या गाठी एकामागे एक असायला पाहिजेत... पुस्तकात तसंच आहे..."

रुखमाबाई बघत होती. एकाएकी ती म्हणाली, "ओढू नको. सब्बल मार."

"कशाला?"

"ते अख्खं ढेकूळ आणत होते घरी. घमेल्यात घालून. अंगणात पाण्यात भिजू घालत, अन् चिखल करत माझ्या सारवलेल्या अंगणात. मी दरवर्षी भांडो त्यायच्याशी, का गाठी तिथंच तोडून आणाले काय झालं म्हणून. ते काईच बोलत नव्हते. हसत."

शालिग्रामनं स्वतः सब्बल घातली. एवढं मोठं ढेकूळ निघालं. पंपात ओतायला आणलेलं स्वच्छ पाणी होतंच. ते बादलीत ओतलं आणि ढेकूळ त्यात ठेवलं. माती हळूहळू सुटत गेली. रुखमाबाईनं दोन बोटांनी, जशी बाळाच्या केसांतली गुंत सोडवावी तशी, मुळं मोकळी केली. आणि पाण्यातून वर आली ती एक माळ! एक गाठ, मग बारीक दोरा, मग दुसरी गाठ, मग दोरा, मग तिसरी... गळ्यात घालता येईल अशी. मग तलावावरचं झाड तसंच भिजवलं. त्याच्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाशी एकेकच गाठ, घुंगरासारखी सुटी. त्याला माळ नव्हती.

"ज्याच्या मुळाशी माळ, तो देवाचा," रुखमाबाई म्हणाली. बुवांच्या तोंडून ऐकावं असं वाक्य, आणि ती ते चिखलात बसून म्हणत होती. प्रतीक्षानं लगेच सांगितलं, "हे मी कॉलेजात असंच शिकवणार, आई. तुमचं नाव सांगून."

"नाव राहू दे. पहिले फोडणी शिक."

शेवटची खात्री म्हणून गाठ हुंगायची होती. रुखमाबाईनं हात मागे बांधले. मी सकाळी लसूण सोललेला, मी बाद. प्रतीक्षानं काडीला टोचून गाठ दगडावर ठेचली आणि आधी शालिग्रामच्या नाकाशी धरली. त्यानं श्वास घेतला. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. "भाऊचा हाये," एवढंच म्हणाला, आणि औषधाची बाटली उचलून मोटरसायकलच्या डिकीत ठेवून आला.

त्या दिवशी रविवार होता. गावातल्या आणखी बायका आल्या. कुणी खणलं, कुणी भिजवलं. रुखमाबाई बादलीजवळ बसून एकेक मूळ पाण्यातून वर उचलून बघायची. माळ दिसली की इकडे. शंका आली की तिकडे. मधेच एखादं सुट्या गाठींचं परकं मूळ निघायचं, आणि मी म्हणायचे, "तशीच तं हाये, घे ना!" ती म्हणायची, "डोये फुटले काय? सुटी गाठ हाये ते." संध्याकाळी प्रतीक्षा एसटीनं परत निघाली तेव्हा रुखमाबाई तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली. आधी कधी गेली नव्हती.

मग चिरणं, वाळवणं. थंडीचं ऊन कोवळं, गाठी लवकर वाळेनात. तिनं पत्र्यावर पसरल्या आणि दिवसभर फिरवत बसली. उखळ सुरू झालं तसा सगळ्या गल्लीला आवाज ऐकू यायला लागला. मी घरात भाकरी थापताना तो ऐकायचे आणि बरं वाटायचं. चंपाषष्ठीला तिनं डबा देवळात नेला. ह्या वेळी शालिग्रामनं एकट्यानं बुक्का लावला, आणि म्हणाला, "उद्या सांगतो." रात्रभर धुतलं नाही कपाळ त्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याची बायको म्हणाली, "घरात उदबत्ती कोणं लावली?" बस. तोच निकाल.

पण घाईचा माणूस, घाई सोडत नाही. तो त्याच दुपारी तिच्याकडे आला. "वहिनी, माझ्या वावरात एक कोपरा मोथ्यासाठी सोडतो. फवारा नाई मारत तिथं. पण हरभऱ्यात एक जरी काडी आली तं—"

"तुझ्या वावरात कायले?" ती म्हणाली. "मी लावाले गाठी राखून ठेवल्या हायेत. पाणी अजून ओसरलं की उंबराखाली परत लावते. तिथला सुटा मोथा काढून टाकीन अन् हा लावीन."

पुढे लावलाही तिनं. सारं गाव हसलं. "साऱ्या जगाचे लोक मोथा मारतेत, हे बाई मोथा लावून राह्यली!" तिनंही हसून घेतलं. मी पाण्याची बादली दिली.

अष्टमीला सप्ताह बसला. बुवा लांबून आले होते. त्यांना हार घातला, बुक्का लावला. त्यांनी चाल धरली, मृदंग बोलला, आणि मंडप असा भरून आला की मागे उभं राहायला जागा नव्हती. निरूपण रंगलं. माणसाचा जीव कशाला धरून राहतो, असा विषय होता. मी ऐकत होते, आणि मधून मधून कपाळाला बोट लावून नाकाशी नेत होते. पहिल्या अभंगाला वास होता. दुसऱ्याला होता. आरती झाली तेव्हाही होता.

आरतीनंतर शालिग्रामनं माईक घेतला. अन्नदान कुणाचं, मंडप कुणाचा, माईक कुणाचा, अशी सेवेची नावं पुकारतात ना, तशी. दरवर्षी ह्या ठिकाणी पुकारा व्हायचा, "बुक्क्याची सेवा, किसनराव." ह्या वर्षी त्यानं घसा साफ केला आणि म्हटलं, "बुक्क्याची सेवा, रुखमाबाई." बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. प्रतीक्षा शेवटच्या रांगेत उभी होती, रजा टाकून आलेली. तिनं सगळ्यांत जोरानं वाजवल्या. रुखमाबाईनं मान खाली घातली, पण मी शेजारीच होते, मला तिचं हसू दिसलं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, उखळ तिचंच. आता ते कुणी नेत नाही.

एवढीच गोष्ट. पुकाऱ्यात नाव एकाचंच येतं, तशी रीत आहे, आणि ते रुखमाबाईचं आलं हे योग्यच झालं. म्हणून दुसरं नाव तुमच्याकडे सोपवते. कधी आमच्या गावी कीर्तनाला आलात, कपाळाला बुक्का लागला आणि घरी जाईपर्यंत दरवळला, तर मनातल्या मनात एकदा किसनरावांची आठवण करा. बायकोची बोलणी खाऊन, हसत, माळ तुटू नये म्हणून दरवर्षी अख्खं ढेकूळ घरी आणणाऱ्या त्या माणसाची.